रुमालाखालचा जामीन

कोर्टात मी नोकरीची सगळी वर्षं उभ्यानं काढली. मी शिपाई नव्हतो, आरोपीही नव्हतो. आरोपीला निदान हात टेकायला कठडा असतो. वकिलांना खुर्च्या, पोलिसांना बाक, टंकलेखकाला फिरती खुर्ची, साक्षीदार म्हातारा असेल तर त्यालाही स्टूल. समाजकार्यकर्त्याची जागा मात्र दाराजवळ, पंख्याचा वारा जिथं संपतो तिथं. मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. निवृत्त झालो, गुडघे कुरकुरायला लागले, पण त्या न मिळालेल्या खुर्चीचा राग अजून ताजा आहे. आणि तरीही त्या दिवसांबद्दल बोलायला लागलो की मला हसूच जास्त येतं. एक प्रकरण तर असं आहे की घरी कुणी पाहुणा आला, चहा टाकला, की मी ते सांगायला सरसावतो आणि बायको आतून म्हणते, "झाला यांचा रुमाल सुरू."

आधी आमचं काम सांगतो. ते सांगता सांगताच माझी अर्धी नोकरी गेली. ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकार फुकट वकील देतं. वकील कायदा बघतो. पण तुरुंगातल्या माणसाच्या घरी कोण आहे, त्याच्या आईला तो कुठं आहे हे तरी माहीत आहे का, त्याची गुरं कोण सोडतं, हे कायद्याच्या पुस्तकात नसतं. ते बघायला आम्ही. माझ्या हाताखाली काही तरुण मुलंमुली होती. ती तुरुंगात जाऊन माणसांना भेटायची, मग एसटीनं, नाहीतर मिळेल त्या गाडीनं त्यांच्या गावी जायची. त्यांचं काम तपासणं, ती चुकली की रागावणं, आणि दुसरं कुणी त्यांना रागावलं तर त्याच्या अंगावर जाणं, हे माझं काम. हुद्दा पर्यवेक्षक.

त्यातलं सगळ्यात अवघड काम जामीनदार शोधण्याचं. न्यायाधीशांनी जामीन मंजूर केला म्हणजे माणूस सुटला असं लोकांना वाटतं. तसं नसतं. कुणीतरी आपला सातबारा घेऊन कोर्टात उभं राहावं लागतं आणि सांगावं लागतं की हा माणूस तारखेला येईल, नाही आला तर मी जबाबदार. पैसेवाल्याचे जामीनदार फाटकाशीच चहा पीत उभे असतात. गरिबाचा जामीन मंजूर होतो आणि गरीब आतच राहतो. जामिनाचा हुकूम आणि घराचा उंबरठा यांच्यामधला जो रस्ता आहे, तो आमच्या वाट्याचा.

एकदा बीबी गावाकडच्या एका आजींना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे समाजसेवक ना तुमी? इलेक्शनले कवा उभे राहता?"

मी म्हटलं, "आजी, उभा तर रोजच राहतो."

माझे वडील गुरांच्या बाजारात दलाल होते. बैलाचा सौदा तोंडानं होत नसे. दलाल आपल्या खांद्यावरचा मोठा रुमाल हातावर टाकायचा, विकणारा त्याखाली हात घालायचा, आणि बोटं धरून भाव ठरायचा. बाहेर बघे गोळा झालेले असायचे, पण कुणाला काही कळायचं नाही. त्यामुळे कमी भावाला हो म्हणणाऱ्याची शान जायची नाही आणि जास्त मागणाऱ्याची लाज निघायची नाही. वडिलांनी मला शिकवलेली गोष्ट एकच: हात रुमालाबाहेर आला नाही तोवर सौदा मोडला असं समजायचं नाही. कॉलेज मी बाजारात चारा विकून केलं, समाजकार्याची पदवी माझ्या हिमतीवर घेतली. पण नोकरीत कामाला आलं ते मुख्यतः रुमालाखालचंच.

आता प्राची. ही मुलगी पुण्याहून आमच्याकडे नोकरीला आली, तेव्हा मी तिला महिनाभराची पाहुणी समजलो होतो. शुद्ध बोलायची, नाकासमोर चालायची, आणि माझ्या आवाजाला अजिबात घाबरायची नाही, याचाच मला जास्त राग यायचा. आमच्या भागात 'ळ'चा 'य' होतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तुरुंगातल्या एकानं तिला निरोप दिला, "घरी गेल्या तं बायाले सांगजा, शाया सोडू नोको म्हना." त्याच्या पोराचं नाव बाळा. बाळाला सांगा, शाळा सोडू नको. हिनं घरी जाऊन सगळ्या बायांना ओट्यावर गोळा केलं आणि शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. सासू, सून, शेजारीण सगळ्या ऐकत बसल्या. शेवटी सासू म्हणाली, "आता या वयात आमाले कोन घेईन वं शायेत?" ऑफिसात परत येऊन तिनं हे स्वतःच मला सांगितलं आणि माझ्याआधी हसली. तेव्हा मला वाटलं, ही टिकेल.

आणखी एक गोष्ट तिनं पहिल्या दिवशी उचलली होती. शेगाव आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे इथं माणूस माणसाला भेटला की 'नमस्कार' म्हणत नाही, 'जय गजानन' म्हणतो. फोन उचलला तरी जय गजानन, फोन ठेवला तरी जय गजानन. प्राची सगळ्यांना जय गजानन घालायची. शिपायाला, हवालदाराला, एकदा तर सरकारी वकिलांनाही, ऐन युक्तिवादाच्या तोंडावर.

त्या वर्षी पावसाळ्यात तिच्याकडे जे प्रकरण आलं, त्यातल्या आरोपीचं नावही गजाननच. गाव मोताळा तालुक्यातलं, रोहिणखेडकडून आत जावं लागतं असं. गजानननं कुणाकडून तरी विहिरीवरचा जुना पंप घेतला, पावती घेतली नाही, आणि पंप निघाला चोरीचा. विकणारा फरार, म्हणून घेणारा आत. जामीन मंजूर झाला होता. जामीनदार मिळत नव्हता. प्राचीनं अख्खं गाव पालथं घातलं. जो तो एकच बोलायचा, "सख्खा भाऊ नाई उभा राह्यला, मंग आमी काऊन राहाव?"

सख्खा भाऊ म्हणजे नामदेव. थोरला, शेतीवाडीचा, गावात शब्दाला किंमत असलेला माणूस. दोघांचं बिनसलं होतं ते पोळ्याच्या दिवशी. पोळ्याला गावाबाहेर तोरण बांधतात, त्याखालून बैलजोड्या ओळीनं जातात. यांच्या घरातली पहिली जोडी नेहमी थोरल्याची. एका वर्षी धाकट्यानं आपली जोडी पुढं घातली. नामदेवनं तिथंच, सगळ्या गावासमोर, मारुतीकडं हात करून शपथ घेतली की याचं नाव पुन्हा तोंडात घेणार नाही.

आता बुलडाणा जिल्ह्यात राहायचं आणि गजानन हे नाव घ्यायचं नाही, म्हणजे काय हाल होतात बघा. गावात निम्मे गजानन. किराणा दुकान गजानन, पिठाची गिरणी गजानन, काळीपिवळीच्या काचेवर गजानन. नामदेव बायकोला सांगायचा, "त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून साखर आन." व्याह्याचं नाव गजानन, तर त्याला नुसता "व्याही" म्हणायचा. आणि ज्या माणसानं जन्मभर जय गजानन म्हटलं होतं, तो आता सगळ्यांना 'राम राम' घालू लागला होता. शेगावला जायचा, दर्शन घ्यायचा, आणि मुक्यानं हात जोडून परत यायचा.

हे काही माहीत नसताना मी आणि प्राची त्याच्या ओट्यावर गेलो. ही हसतमुखानं म्हणाली, "जय गजानन, काका."

नामदेवनं मान फिरवली. "राम राम," तो गोठ्याकडं बघत म्हणाला.

पुढची सगळी हकीकत त्याच्या बायकोनं, कमलबाईंनी, आम्हाला चहा देताना सांगितली, नवऱ्यादेखत, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. मी मध्यस्थीला तोंड उघडलं, नामदेवनं ते बंद केलं. मी आवाज चढवला, त्यानं माझ्याहून चढवला. त्या दिवशी आम्ही चहावरच परत आलो.

गजानन मात्र तुरुंगात मजेत असल्यासारखा वागायचा. प्राची भेटायला गेली की पहिला प्रश्न बैलांचा. ढवळ्या वैरण खातो का, चांद्याच्या खांद्याला तेल लावलं का, आणि पोळा किती जवळ आला. ती त्याच्या बायकोला विचारून उत्तरं आणायची. बैलांची एवढी चौकशी आमच्या ऑफिसात कधी झाली नसेल. मी चिडवायचो की समाजकार्य सोड आणि गुरांच्या दवाखान्यात लाग.

मग एक दिवस ती परत आली आणि माझ्या टेबलासमोर नुसती उभी राहिली. म्हणाली, "सर, आज त्यांनी बैलांचं विचारलंच नाही."

आणखी काय, मी विचारलं. जेवण शेजारच्याला देतो, ती म्हणाली. भिंतीकडं तोंड करून पडून असतो. तिनं आपणहून ढवळ्याचं सांगितलं तर 'असू द्या' म्हणाला.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. मला वाटलं. आत गेलेला माणूस रडतो, शिव्या देतो, वकिलाच्या नावानं ओरडतो, तोवर मला काळजी नसते. घराची चौकशी थांबली की मात्र तो माणूस हातातून सुटायला लागलेला असतो. त्यानंतर तो बाहेर आला तरी पूर्ण येत नाही. मी प्राचीला म्हटलं, उद्या सकाळी निघायचं. कपाटातून वडिलांचा रुमाल काढला आणि खांद्यावर टाकला.

नामदेवच्या ओट्यावर त्या दिवशी नेमकी गर्दी. आम्ही येणार हे गावाला कसं कळतं कोण जाणे. आठवडी बाजाराला बसावीत तशी माणसं बसली होती. मी ओळखलं की एवढ्या लोकांत हा माणूस हो म्हणणं शक्यच नाही. एकट्याला गाठलं असतं तरी म्हणाला नसता, कारण एकट्यात दिलेला होकार लोकांत बोलून दाखवायचा राहिलाच असता. मी त्याच्यासमोर बसलो, रुमाल काढला, आपल्या उजव्या हातावर पसरला आणि हात पुढं केला.

नामदेवनं जन्मभर बैल घेतले-विकले होते. रुमाल दिसल्याबरोबर त्याचा हात आपोआप उठला, अर्ध्यावर थांबला.

मी म्हटलं, "नामदेवभाऊ, तुमची शपथ तोंडाची हाये. हाताची नाई."

मग सांगितलं: एक बोट धरलं तर नाही. दोन धरली तर जामीन, पण अटीवर. पंजा धरला तर बिनशर्त.

त्यानं रुमालाखाली हात घातला आणि माझं एक बोट धरलं. करकचून. मी हात काढला नाही. वर मात्र बैलांचं बोलत राहिलो. ढवळ्या उजवा पाय जपून टाकतो म्हणतात, प्राचीनं सांगितलं, खरं का. त्यानं डोळे बारीक केले. ढवळ्या वासरू असतानाच तो पाय दुखावला होता, नामदेवच्याच गोठ्यात. मी म्हटलं, यंदा पोळ्याला त्या जोडीला कोण नेईल? बाई माणूस नेईल की जोडी घरीच बांधून राहील? आणि तुमचा भाऊ, मी म्हटलं, आता बैलांचं विचारत नाही.

रुमालाखाली बोट सुटलं. मला वाटलं, गेला सौदा. पण हात बाहेर आला नाही. बराच वेळ तो नुसता माझ्या तळव्यावर पडून राहिला. मग दोन बोटं धरली.

"अट?" मी हळूच विचारलं.

"पोया," तो पुटपुटला. "मांगं चालन तो. माह्या जोडीच्या मांगं."

मला तिथंच मान हलवता आली असती. पण सवय जात नाही. मी तेवढ्याच हळू म्हटलं, "मांगं कबूल. पन लगोलग मांगं. मधात तिसऱ्याची जोडी नाई पाह्यजे."

यावर तो माझ्याकडं बघतच राहिला. त्यानं मागितलं होतं त्यापेक्षा हे जास्त होतं की कमी, हे बहुधा त्याला ठरवता येईना. शेवटी दोन्ही बोटं एकदा दाबली आणि हात बाहेर काढला. कमलबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. गर्दीतले लोक एकमेकांना विचारत होते, किती बोटं, किती बोटं.

"सही करतो," नामदेव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "नाव नाई घेनार. कोर्टात बी नाई."

प्राचीनं तुरुंगात जाऊन अट सांगितली. गजानन उठून बसला म्हणे. म्हणाला, "मांगं तं मांगं. तोरन तं तेच हाये ना?" आणि मग त्यानं ढवळ्याच्या पायाचं विचारलं.

मागच्या न्यायाधीशांच्या वेळी जामीनदाराची सही, सातबारा आणि एक-दोन प्रश्न एवढ्यावर भागायचं. पण साहेब नुकतेच बदलून आले होते. कोकणातले, शिस्तीचे, प्रत्येक जामीनदाराला सगळं त्याच्याच तोंडून वदवून घेणारे. त्या दिवशी गजाननची तारीख होती म्हणून पोलिसांनी त्यालाही आणलं होतं. तो मागच्या बाकाशी, दोन शिपायांच्या मधे. मी दाराजवळ, माझ्या नेहमीच्या जागी.

साहेबांनी नामदेवला विचारलं, "आरोपी तुमचा कोण?"

"लहाना भाऊ."

"नाव सांगा."

नामदेवनं कठडा घट्ट धरला. साहेबांनी पुन्हा विचारलं. मला राहवलं नाही. मी दारातून म्हणालो, साहेब, नाव कागदावर आहे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि मी कोण ते विचारलं. मी हुद्दा सांगितला.

"मग पर्यवेक्षण बाहेर करा," ते म्हणाले. "ज्याची हमी द्यायची त्याचं नाव जामीनदाराला घेता येत नसेल, तर मी ही हमी कशी धरू?"

वाईट हे की त्यांचं बरोबर होतं. नामदेवचा चेहरा लाल झाला, त्याला खोकल्याची उबळ आली. मागे गजाननची मान खाली गेलेली मी बघितली. पुन्हा भिंतीकडं वळायला लागलेल्या माणसाची मान. पोळा तोंडावर आला होता, आणि एका शब्दावाचून तो परत आत जाणार होता.

तेवढ्यात प्राची पाण्याची बाटली घेऊन सरळ कठड्यापाशी गेली. कुणाला विचारलं नाही. बाटली पुढं केली आणि रस्त्यात भेटल्यासारखं म्हणाली, "जय गजानन, काका. पाणी घ्या."

"जय गजानन, पोरी," नामदेव म्हणाला आणि बाटली घेतली.

नामदेवच्या हातातली बाटली तोंडापाशीच थांबली. मागून गजाननचा आवाज आला, हसण्याचा की रडण्याचा ते मला अजून ठरवता येत नाही. "दादा," एवढंच.

साहेबांनी कारकुनाकडं बघितलं. "आलं का नाव?"

कारकून आमच्याच जिल्ह्यातला. तो न हसता म्हणाला, "आलं, साहेब. गजानन."

"म्या तं महाराजाले म्हनलं," नामदेव म्हणाला.

"कोर्टानं ते भावाला म्हटलं असं धरलं आहे," साहेब म्हणाले आणि सही केली.

मग त्यांनी प्राचीला ती कोण म्हणून विचारलं, आणि मला आयुष्यभर जे ऐकायचं होतं ते वाक्य तिच्यासाठी बोलले. "यांना बसायला खुर्ची द्या."

शिपायानं खुर्ची आणली. मी दारातून म्हणालो, "साहेब, दोन."

"एक मिळाली ना?" ते म्हणाले. हात बाहेर आल्याचं मला कळतं. मी गप्प बसलो. म्हणजे गप्प उभा राहिलो. प्राचीनं ती खुर्ची मला देऊ केली, तेव्हा मी तिच्यावरच खेकसलो.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी तिला विचारलं की हे मुद्दाम केलं का. मला काय माहीत सर, ती म्हणाली, मी पाणी द्यायला गेले होते. मी म्हटलं, खरं सांग. तिनं माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला, आपल्या हातावर टाकला आणि हात पुढं केला. मी खाली हात घातला. तिनं माझा अख्खा पंजा धरला.

पंप विकणारा पुढं सापडला आणि गजानन खटल्यातून सुटला. वर्तमानपत्रात बातमी आली ती वकिलांच्या प्रयत्नांना यश आल्याची. असो. वकील बसलेले असतात, फोटोत बरे दिसतात.

पोळ्याला नामदेवनं आम्हा दोघांना बोलावणं पाठवलं. तोरणाजवळ झाडाखाली कमलबाईंनी माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. पुसून, वर स्वच्छ पंचा टाकून. कुणीतरी त्यांना माझं दुःख सांगितलं होतं, आणि त्या कुणीतरीचं लक्ष मुद्दाम दुसरीकडं होतं. मी बसलो. अगदी ऐसपैस, खुर्चीच्या हातांवर हात टेकवून बसलो.

बैल आले. शिंगांना बेगड, अंगावर झुली, गळ्यात घुंगरं. नामदेवची जोडी तोरणाखालून गेली. तिच्यामागं जागा रिकामी होती. तिसऱ्या कुणाची जोडी मधे आली नव्हती, पण गजाननही पुढं येत नव्हता. ढवळ्याचा कासरा धरून तो तोरणाच्या अलीकडंच उभा होता, जणू अजून कुणी पुकारा करायचा राहिला आहे. वाजंत्री थांबली. नामदेवनं आपली जोडी थांबवली, मागं वळून बघितलं. सगळं गाव त्याच्या तोंडाकडं बघत होतं.

"ये ना बे गजा," तो ओरडला. "काऊन उभा राह्यला तिथं?"

ढवळ्या उजवा पाय जपून टाकत पुढं निघाला. खुर्ची चांगली होती, सावलीही होती. पण पुढं सरसावलेल्या गर्दीमुळे मला ती जोडी दिसेना, आणि मी आपण होऊन उभा राहिलो.